कमानीवर नाव कुणाचे?

सिंदेवाहीला जाऊन आले असे सांगितले की आमच्या ओळखीच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “वाघ दिसला का?” चंद्रपूर जिल्हा म्हणजे ताडोबा, आणि ताडोबा म्हणजे वाघ, हे समीकरण शहरी मनात इतके पक्के बसले आहे की तिकडे माणसेही राहतात, शेती करतात आणि रात्र रात्र जागून नाटके पाहतात, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मी एका वर्षात दोनदा तिकडे जाऊन आले. वाघ दिसला नाही. नाटक मात्र दिसले. आणि नाटकापेक्षाही मोठे असे नाटकामागचे एक भांडण दिसले. त्या भांडणाची ही हकीकत आहे.

आमच्या नागपूरच्या कॉलेजातील एक विद्यार्थिनी सिंदेवाही तालुक्यातली. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारला तर जमिनीकडे पाहून बरोबर उत्तर देणारी. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीआधी ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. “बाई, मंडईला आमच्या गावी या ना. आणि आल्या की आमच्या नाटक मंडळाला एक पत्र लिहून द्या. चांगल्या मराठीत पाहिजे. कंपनीला लिहायचे आहे.”

पुण्यामुंबईच्या वाचकांना ‘मंडई’ म्हटले की भाजी आठवेल. झाडीपट्टीतली मंडई निराळी. भाऊबीज झाली, हलके धान कापून घरी आले, की एकेका गावात एकेका दिवशी जत्रा भरते; तिला मंडई म्हणतात. लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकी जुळतात, आणि दिवसा जत्रा पाहिलेली माणसे रात्री नाटकाला बसतात. मंडईला नाटक नाही म्हणजे लग्नाला वाजंत्री नाही!

नागपूरहून नागभीडला पूर्वी छोटी रेल्वे जायची. डुलत डुलत, थांबत थांबत जाणाऱ्या त्या गाडीवर जुन्या मंडळींचा फार जीव. पण रूळ रुंद करायचे म्हणून ती २०१९ मध्ये बंद झाली. मी आपली एसटीने निघाले. उमरेड गेले, मिरच्यांचे भिवापूर गेले, आणि मग हळूहळू जमीनच बदलली. काळ्या रानाऐवजी धानाच्या चौकोनी बांध्या दिसू लागल्या. दर दोन-तीन मैलांवर एखादा तलाव, नाहीतर लहानशी बोडी. हे बहुतेक तलाव मालगुजारीच्या काळातले. आजही सरकारदप्तरी त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण नावातला मालगुजार अजून पाण्यात पाय सोडून बसलेला आहे.

नागभीड तालुक्यातच नांदेड नावाचे खेडे आहे. मराठवाड्यातले नांदेड ते हे नव्हे. इथे दादाजी खोब्रागडे नावाचे एक अल्पभूधारक शेतकरी होऊन गेले. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ जातीच्या धानात त्यांना दोन-तीन निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, आणि असे करता करता एक बारीक, चवदार तांदूळ तयार केला. तो विकायला नेला तेव्हा त्याला नाव हवे होते. त्या काळी मनगटी घड्याळ म्हणजे ‘एचएमटी’. तांदळाचे नाव पडले एचएमटी! घड्याळाच्या कंपनीने या भातासाठी एक पैसाही दिला नव्हता. पण आज तुमच्याआमच्या घरातल्या गोणीवर घड्याळाचे नाव आहे, आणि दादाजींचे नाही. ते २०१८ मध्ये वारले. बसच्या खिडकीतून नागभीडची पाटी पाहताना मला हे आठवले आणि मी विसरूनही गेले. पुन्हा आठवण्याची वेळ पुढे येणार होती.

सिंदेवाही हे तालुक्याचे गाव. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे एक स्टेशन, भात संशोधनाचे जुने केंद्र, बाजार, कचेरी, आणि चहूबाजूंनी जंगल. विद्यार्थिनीचे वडील मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभे होते. “या बाई, या,” म्हणत त्यांनी माझी पिशवी पुढे अडकवली, आणि आम्ही त्यांच्या गावाच्या वाटेला लागलो. त्या गावाचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. ही गोष्ट त्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाची असू शकेल.

आता थोडे झाडीपट्टीच्या रंगभूमीविषयी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे मिळून झाडीपट्टी. दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे प्रकार इथे पूर्वीपासून रुजलेले. त्यांच्याच ओलाव्यावर नाटकाचे झाड वाढले. वैनगंगेकाठचे वडसा हे या नाटकांचे पेठेचे गाव. तिथे पन्नासाच्या घरात नाटक कंपन्यांची कचेऱ्या आहेत. दसऱ्यानंतर गावोगावची मंडळे तिथे जातात, नाटक पसंत करतात, तारीख धरतात, विसार देतात. मग दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे पडदा उघडतो. रात्री दहाला सुरू झालेले नाटक पहाटे चार-पाचला संपते. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावला नाटकाची मोठी परंपरा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना या रंगभूमीच्या सेवेबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाने मान वळवून पाहिले.

या व्यवहारातली खरी मेख अशी की, नाटकाचा धनी गाव असतो. कंपनीला ठरलेली रक्कम मंडळ देते. तिकिटे मंडळ विकते. नफा झाला तर शाळा, देऊळ, वाचनालय अशा कामाला लागतो. तोटा झाला तर मंडळातली माणसे आपापल्या घरातून भरतात. अवकाळी पाऊस आला, की नाटक आणि धान दोन्ही एकदम भिजते. २०२० साली तर करोनाने सारा हंगामच गिळला. मुंबईतला निर्माता जी जोखीम घेतो, तीच जोखीम इथे धान पिकवणारी दहा-पंधरा माणसे घेतात.

मी पोचले त्या रात्री मंडळाची सभा होती. शाळेच्या ओट्यावर सतरंजी, वर एक दिवा, दिव्याभोवती किडे. मला खुर्ची दिली. मी सतरंजीवरच बसले. कंपनीचे पत्र अध्यक्षांनी वाचून दाखवले. ही कंपनी म्हणजे नाटकाची नव्हे, जिल्ह्यातल्या एका कारखान्याची. या दोन जिल्ह्यांच्या पोटात कोळसा आहे, चुनखडी आहे, लोखंड आहे. तेव्हा कारखान्यांना तोटा नाही. पत्रातला मजकूर थोडक्यात असा: लोककलेच्या संवर्धनासाठी आम्ही ‘सर्वसमावेशक प्रादेशिक कला महोत्सव’ योजिला आहे. आपल्या गावच्या नाटकाचा संपूर्ण खर्च आम्ही करू. प्रवेश सर्वांना विनामूल्य असावा. प्रवेशद्वाराच्या कमानीवर महोत्सवाचे व आमचे नाव प्रथम असावे. पहिल्या अंकानंतर आमच्या अधिकाऱ्यांचे मनोगत व मान्यवरांचा सत्कार व्हावा.

खरे सांगते, मला पत्र आवडले. तोटा नाही, तिकीट नाही, गरिबातल्या गरिबाला नाटक फुकट. यात भांडण्यासारखे काय आहे? ‘सर्वसमावेशक’ हा शब्द कितीही जड असला, तरी त्याचा अर्थ चांगलाच आहे. मी मनातल्या मनात आभाराच्या पत्राची पहिली ओळ जुळवूही लागले होते.

खजिनदार कंपनीच्या बाजूचे होते. गेल्या हंगामातला तोटा त्यांनी स्वतःच्या खिशातून भरला होता, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होते. तरुण मुलेही त्याच बाजूची. फुकटात मोठा मंडप, मोठे दिवे! हो-ना करता करता ठराव होणार, इतक्यात खांबाला टेकून बसलेले एक म्हातारेबुवा बोलू लागले. त्यांच्या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही; पण सांगायचे ते बरोबर पोचत होते.

“मालगुजाराच्या वाड्यापुढं दंडार व्हायची. खर्च त्याचा. मंग पुढं तो बसे, त्याचे पावने बसत. आमचा बाप दूर झाडाखाली उभा राहून पाये. जवळ याची सोय नव्हती आमाले. मंग तिकीट आलं. मी मजुरीचे पैसे जमा केले अन् गादीचं तिकीट घेतलं. पैल्या रांगेत बसलो. तिकीट माजं होतं. कोन उठवते मले?”

कुणी काही बोलले नाही. म्हातारेबुवांनी विडी पेटवली आणि पुढचे एकच वाक्य टाकले, “फुकटच्या नाटकात पैली रांग कोनाची रायते, सांगा बरं.”

मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचे सोंग केले. आम्ही शहाणी माणसे तिकिटाला गरिबाच्या वाटेतली आडकाठी समजतो, आणि ती असतेही. पण या माणसाच्या आयुष्यात तिकीट हे दार होते. जातीने दूर उभे केलेल्या माणसाला त्या कागदाच्या चिठोऱ्याने पहिल्या रांगेत नेऊन बसवले होते. हे समीकरण मी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते.

एवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. माझ्या विद्यार्थिनीची आई, बचत गटाची अध्यक्ष. ती उठून उभी राहिली नाही. बसल्या जागेवरूनच बोलली.

“आमाले कोनी इचारलं नाइ, तरी सांगतो. आमी नाटकाले रातभर बसतो. पन दुपारपासून पानी पीत नाइ. कावून? रातच्याला जाचं कुठं? अंधारात, रानाच्या अंगानं? कंपनीले मनावं, कमान नोको, संडास दे.”

पुरुषांच्या माना खाली गेल्या. तिच्या बोलण्यातला ‘रानाच्या अंगानं’ हा शब्द उगाच आलेला नव्हता. याच तालुक्यात मे २०२५ मध्ये तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या होत्या. शहरातून येणाऱ्याला वाघ पाहायचा असतो. इथल्या बाईला तो टाळायचा असतो.

मग सभेची गाडी निराळ्या रुळावर गेली. सर्वांना सामावून घ्यायचे तर नेमके कोण बाहेर राहते आहे, याची यादी निघू लागली. बायका, पाण्यावाचून. गावातला एक पाय गेलेला इसम. त्याची तीनचाकी मंडपात उतरत नाही. म्हातारी माणसे. आणि नाटकातल्या नट्या: त्यांना कपडे बदलायला धड आडोसा नसतो. यादी झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. ठराव झाला तो असा: तिकीट राहील. कमान मंडळाची राहील. कंपनीला मदत करायचीच असेल तर तिने बायकांसाठी चार संडास, नट्यांसाठी बंद खोली, रस्त्यावर दिवे आणि रात्रभर एक रुग्णवाहिका द्यावी. या सर्व वस्तूंवर तिने आपले नाव खुशाल रंगवावे!

ते पत्र मी लिहिले. वीस वर्षे मी मुलांना निबंध शिकवते. पण इतके साधे आणि इतके जपून मी कधी लिहिले नव्हते. विनंती करायची, पण वाकायचे नाही. शेवटची ओळ अध्यक्षांनी स्वतः सांगितली: “आपण पाहुणे म्हणून जरूर यावे, आपल्यासाठी गादीची दोन तिकिटे राखून ठेवू.” त्याखाली कंसात तिकिटाचा दर लिहा, असे खजिनदार म्हणाले. तेही लिहिले.

आठ दिवसांनी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याचा मला फोन आला. पत्राखाली माझा नंबर होता. गृहस्थ सौजन्याने बोलत होते. म्हणाले, “मॅडम, अडचण अशी की यंदाच्या आराखड्यात हे ‘महोत्सव’ या सदराखाली बसवले आहे. संडास त्यात बसत नाहीत.” शिवाय मंडळ नोंदलेले नाही, म्हणून पैसे थेट देताही येणार नाहीत.

या उत्तराने मला कायद्याचे पुस्तक उघडायला लावले. वाचकांपैकी पुष्कळजण नोकरी-व्यवसायातले असतील, त्यांना हे ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्यातले १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. त्याप्रमाणे ठराविक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्याला लावायचे असतात. कोणकोणती कामे चालतील याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात पारंपरिक कलांचे संवर्धन आहे, आणि स्वच्छतासुद्धा आहे. कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कलमातच म्हटले आहे. उलट, आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व या २ टक्क्यांत धरता येत नाही. २०२१ च्या नियमांत हे स्पष्ट केले आहे.

म्हणजे कंपनीजवळ दोन पिशव्या असतात. एक जाहिरातीची, दुसरी समाजकार्याची. कमान ही जाहिरातीच्या पिशवीतली वस्तू, आणि संडास हा समाजकार्याच्या पिशवीतला. आमच्या मंडळाने दुसऱ्या पिशवीतले मागितले होते. समोरून पहिलीतले पुढे केले जात होते, आणि वर नाव मात्र दुसरीचे! पण दुसरी पिशवी उघडायलाही किल्ली लागते. बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचे तर ती संस्था नोंदलेली हवी, आयकर खात्याची प्रमाणपत्रे हवीत, किमान ३ वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. शहरातल्या संस्थांजवळ हे सारे कागद असतात. धानाच्या बांधीत नाटक लावणाऱ्या मंडळाजवळ काय असणार? एक वही, एक पेटी आणि पिढ्यान् पिढ्यांची पत. पैसा शहरातून निघतो आणि फिरून शहरातच येतो, त्याचे एक कारण हे आहे. यात कुणी एक दुष्ट असावा लागत नाही.

नाटक मार्गशीर्षात होते. तोवर कंपनीकडून दुसरे उत्तर आले नव्हते. मी पुन्हा एसटीत बसले. या खेपेला शाल, स्वेटर आणि थर्मास घेऊन.

गावाबाहेरच्या धान कापलेल्या बांधीत मंडप उभा होता. झाडीपट्टीचा हा मंडप पाहण्यासारखा असतो. प्रेक्षकांची जागा खणून खोल करतात आणि निघालेली माती पुढे रचून तिचा रंगमंच करतात. एकाच मातीचे दोन भाग: एक खाली बसतो, दुसरा वर उभा राहतो. पुढे गाद्या, त्यामागे खुर्च्या, आणि अगदी मागे तनस पसरलेली. दुपारभर भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांतून हिंडत होती. नाटकाचे नावच असे होते की ते ऐकून बायकांनी घरूनच पदर ओला करून यावे.

मंडपाच्या डाव्या अंगाला मी चार टिनाच्या खोल्या पाहिल्या. बचत गटाने आपल्या गंगाजळीतून मंडळाला उसने पैसे दिले होते, तिकिटे खपली की परत करायच्या बोलीवर. खोल्यांपर्यंत दिव्यांची माळ ओढली होती आणि दारावर बचत गटाच्या दोन बायका काठी घेऊन बसल्या होत्या. माझ्या विद्यार्थिनीची आई मला पाहून हसली आणि म्हणाली, “बाई, आज पोटभर पानी पेलो.”

तीनचाकीवाल्या इसमाचे काय झाले, हे मी तिच्या वडिलांना विचारले. त्यांनी बोट दाखवले. मंडपाच्या एका बाजूला खड्ड्यात उतरणारा सपाट, लांबट उतार खणला होता. त्यावरून तो इसम आपल्या गाडीतून खाली आला होता आणि गाद्यांच्या कडेला ऐटीत बसला होता. “याला किती खर्च आला?” मी विचारले. “खर्च कायचा? एक कुदळ अन् एक दुपार.” इतक्या वर्षांत ती दुपार कुणाला सापडली नव्हती, हेही तितकेच खरे. सगळ्याच गोष्टी पैशावाचून अडलेल्या नसतात. काही नुसत्या विचारण्यावाचून अडलेल्या असतात. गावकरी म्हणजे सारे समजूतदार आणि कंपनी म्हणजे सारी स्वार्थी, असे मानायला म्हणूनच माझे मन तयार नाही. कंपनीच्या त्या पत्रातला जड शब्द आला नसता, तर ही यादी निघाली असती की नाही, कोण जाणे!

पडद्याआड गेले. एका बंद खोलीत, म्हणजे शाळेच्या वर्गात, दोघी नट्या रंगभूषा करीत होत्या. वर्गाच्या खिडक्यांना बचत गटाच्या साड्या लावल्या होत्या. त्यांतली एक आदल्या रात्री दुसऱ्या तालुक्यात काम करून, गाडीतच झोपून आली होती. “हंगामात झोप गाडीतच, बाई,” ती भुवई रेखता रेखता म्हणाली. “रस्ता जंगलाचा, ड्रायव्हर पण जागाच असतो रात्रभर. देवाचे नाव घ्यायचे आणि बसायचे.” तिच्या विम्याचे काय, आजारपणाचे काय, वय झाल्यावर काय, हे प्रश्न माझ्या ओठांवर आले, पण तिसरी घंटा झाली होती.

दहाला रंगमंचाची पूजा झाली, नांदी झाली. बाजूला ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड अशी जुन्यानव्याची जोडी. संगीत नाटकाची सवय इथे अजून मोडलेली नाही. खलनायक सुद्धा एखादे पद म्हणून मगच सुरी काढतो. प्रेक्षक समजून दाद देतात आणि समजूनच ओरडतात. एका प्रवेशात नट संवाद विसरला, तेव्हा मागच्या तनशीवरून कुणीतरी गर्जले, “पैसे देल्ले आहेत बाप्पा!” सारा मंडप हसला, नटही हसला, आणि पुढचा प्रवेश त्याने असा जीव तोडून केला की त्याच आवाजाने “वा!” म्हटले. फुकटच्या नाटकात हा आवाज उठला असता का? ज्याने दिले त्यालाच मागता येते. तो हक्क कंपनीने विकत घेतला असता तर तो प्रेक्षक पाहुणा झाला असता, आणि पाहुण्याला जेवण अळणी लागले तरी छान म्हणावे लागते.

दुसऱ्या अंकाच्या वेळी माझे लक्ष डावीकडे गेले. गादीवर एक तरुण गृहस्थ, त्यांची पत्नी आणि वृद्ध आई अशी तिघे शाली पांघरून बसली होती. हातात तिकिटांचे तुकडे. हेच ते फोनवरचे अधिकारी! पहाटे भैरवी झाल्यावर शेकोटीपाशी भेट झाली. त्यांची आई डोळे पुसत होती. ते म्हणाले, “मॅडम, कमान आमची असती तर मी पहिल्या अंकानंतर सत्कार घेऊन निघून गेलो असतो. पुढचे नाटक मला दिसलेच नसते.” मग जरा थांबून म्हणाले, “त्या टिनाच्या खोल्या पाहिल्या. प्रस्ताव पुन्हा वर पाठवतो.” प्रस्ताव वर गेला, असे नंतर कळले. वर गेलेली गोष्ट खाली केव्हा येते, हे सांगणे ज्योतिष्याचे काम आहे. पण मंडळाने मात्र तेवढ्यात नोंदणीचे कागद जमवायला घेतले आहेत.

उजाडता उजाडता शाळेच्या ओट्यावर पेटी उघडली. नोटा, नाणी, चुरगळलेल्या नोटा पुन्हा सरळ करणारी बोटे. नाटक कंपनीचे पैसे गेले, मंडप गेला, दिवे गेले, बचत गटाची उसनवारी फिटली. उरले ते फार नव्हते. पण तोटा नव्हता. उरलेल्यातून टिनाच्या खोल्या मोडायच्या नाहीत, त्या शाळेच्या मुलींसाठी पक्क्या करायच्या, असे ठरले. खजिनदारांनी आकडा वहीत लिहिला आणि वही कपाळाला लावली.

परतीच्या बसमध्ये झोप आली नाही. पैसेवाल्यांनी कलेला हात लावूच नये, असे मी म्हणणार नाही. गोव्यात पणजीला २०१६ पासून डिसेंबरात ‘सेरेंडिपिटी’ कला महोत्सव भरतो. तो सुनील कांत मुंजाल या उद्योगपतींच्या प्रतिष्ठानाचा. प्रवेश विनामूल्य असतो, आणि अपंग प्रेक्षकांसाठी खास सोयी असतात. ते चांगलेच आहे. आपल्या पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव घ्या. भीमसेन जोशींनी तो गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केला. आज तिथे जाहिराती आहेत, आणि रसिक तिकीटही काढतात. पण महोत्सवाचे नाव गुरूचेच राहिले, आणि भीमसेनजी गेल्यानंतर शिष्याचेही त्याला जोडले गेले. जाहिरात भिंतीवर, नाव कमानीवर. ज्याने घर बांधले त्याचे नाव दारावर, एवढा विवेक राहिला, की बाहेरच्या पैशाची भीती नाही.

नागभीड आले. पुन्हा ती पाटी, आणि पुन्हा तो एचएमटी तांदूळ. एका माणसाने आपल्या तुकडाभर शेतात लोंब्या निवडून निवडून जे घडवले, त्यावर न दिलेल्या पैशाचे नाव कायमचे बसून गेले. नाव असे सहज बसते. उठवणे कठीण असते. त्या मंडळाने हे कुठल्या पुस्तकावाचून ओळखले होते.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलेच, “वाघ दिसला का?”

मी पिशवीतून तिकिटाचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. गुलाबी कागद, त्यावर मंडळाचे नाव, गावाचे नाव, आणि खाली पेनाने लिहिलेला गादीचा नंबर. आणखी कुणाचे नाव त्यावर नव्हते.